आधी नाव, मग नकाशा

मोनाकोचं सागरी संग्रहालय समुद्राकाठच्या कड्याच्या अगदी टोकावर आहे. प्रिन्स आल्बेर पहिला या समुद्रवेड्या राजाने ते १९१० मध्ये उघडलं. आत मत्स्यालय, सांगाडे, नमुन्यांच्या बरण्या, आणि खिडक्यांखाली थेट भूमध्य समुद्र. १९८४ मध्ये या खिडक्यांखालच्या तळावर हिरव्यागार शेवाळाचा एक छोटा पट्टा दिसला. जेमतेम एक चौरस मीटरचा. उष्ण कटिबंधातलं शेवाळ, इथल्या हिवाळ्यात आपोआप मरेल, असंच कुणालाही वाटलं असतं.

१९८९ मध्ये नीस विद्यापीठातले शैवालतज्ज्ञ आलेक्झांद्र मेनेझ यांनी तो पट्टा पाहिला, तेव्हा तो एक हेक्टरचा झाला होता. एका चौरस मीटरचे दहा हजार चौरस मीटर, तेही पाच वर्षांत. पुढच्याच वर्षी तेच शेवाळ पूर्वेला कॅप मार्तिनजवळ सापडलं. आता ते मोनाकोच्या हद्दीतून फ्रान्समध्ये शिरलं होतं.

या शेवाळाचं नाव कॉलेर्पा टॅक्सिफोलिया. त्याच्यावरून पुढची पंधरा वर्षं युरोपातले शास्त्रज्ञ एकमेकांशी जे भांडले त्याला तोड नाही. वृत्तपत्रांनी त्याला ‘खुनी शेवाळ’ करून टाकलं. (माणसाचा जीव वगैरे ते घेत नाही, पण मथळ्यासाठी तेवढं चालतं.) मेनेझ यांनी या सगळ्या प्रकरणावर १९९७ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलं, आणि ते एखाद्या रहस्यकथेसारखं गाजलं. भांडणाला फाटे पुष्कळ फुटले, पण मुळात प्रश्न दोनच होते. हे नक्की कोण आहे? आणि ते नक्की कुठे कुठे आहे? वरवर पाहता दुसरा प्रश्न जास्त निकडीचा वाटतो. कुठे आहे ते कळलं की पुढचं करता येतं. प्रत्यक्षात मात्र पहिल्या प्रश्नाचं उत्तर कच्चं राहिलं की दुसऱ्याचं उत्तर कितीही नेटाने काढा, ते हातात राहत नाही. कॉलेर्पाची कहाणी मला सांगावीशी वाटते ती एवढ्यासाठी.

तर आधी ते शेवाळ हातात घेऊन पाहू. तळावर पसरलेला एक हिरवा दोर. दोराची जाडी एक-दोन मिलिमीटर. हरळी जशी जमिनीलगत सरपटते आणि पेरापेराला मुळं सोडते तसा तो वाळूवर, खडकावर, दुसऱ्या वनस्पतींच्या बुंध्यांवरून सरपटतो. खालच्या बाजूला बारीक मुळांसारखे झुबके, वरच्या बाजूला उभी पानं. ‘मुळं’ आणि ‘पानं’ हे शब्द सोयीसाठी, कारण यातलं खरं मूळ किंवा खरं पान काहीच नाही. पानाला मधोमध एक कणा, आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसलेल्या बारीक पाकळ्या, नेच्याच्या पानासारख्या. भिंगाखाली एक पाकळी पाहिली की ओळखीच्या खुणा दिसतात. ती चपटी असते, कण्याला चिकटते तिथे आवळलेली असते, टोकाकडे निमुळती होत जाते आणि वरच्या दिशेला विळ्यासारखी वळते.

आता हे पान कापा. कापलेल्या जागेतून पातळ रस बाहेर येतो आणि बघता बघता त्याचा चिकट गोळा होऊन जखम बंद होते. हा गोळा इतक्या तातडीने व्हायला एक खास कारण आहे. कॉलेर्पाच्या शरीरात पेशींना वेगळं करणाऱ्या आडव्या भिंती नसतात. दोर, मुळं, पानं, सगळं मिळून एकच पेशी. तिच्यात असंख्य केंद्रकं पोहत असतात, आणि एवढं लांबलचक पोकळ शरीर कोसळू नये म्हणून पेशीभित्तिकेपासून निघालेल्या तंतूंचं जाळं त्याला आतून आधार देतं. मीटरभर लांब वाढणारी एक पेशी! कुठेही छेद गेला तर सगळा ऐवज वाहून जायची भीती. म्हणून जखम होताच कॉलेर्पिनाइन नावाच्या रसायनाचं रूपांतर होतं, ते पेशीतल्या प्रथिनांना एकमेकांशी जखडतं, आणि भोक बुजतं. हेच कॉलेर्पिनाइन शेवाळ खाणाऱ्या प्राण्यांना दूर ठेवायच्याही कामी येतं.

या रचनेचा प्रसाराशी थेट संबंध आहे. तुकडा तुटला की दोन्हीकडच्या जखमा बुजतात आणि तुटलेला तुकडा स्वतंत्रपणे वाढायला लागतो. नांगराला अडकलेला, जाळ्यात गुंतलेला, सेंटिमीटरभराचा तुकडासुद्धा पुरतो. नांगर ठेवायच्या दमट, अंधाऱ्या कप्प्यात पाण्याबाहेर तो दहा दिवसांपर्यंत तग धरू शकतो असं प्रयोगात दिसलं आहे. दहा दिवसांत नौका भूमध्य समुद्राच्या या टोकाहून त्या टोकाला जाते.

ओळख पटवायची खरी अडचण पुढे आहे. कॉलेर्पा या वंशात डझनावारी जाती आहेत आणि त्यातल्या काही जाती एकमेकींच्या सख्ख्या बहिणी दिसतात. कॉलेर्पा मेक्सिकाना हिचंही पान नेच्यासारखंच, पण तिचा कणा जास्त रुंद व चपटा, पाकळ्या जास्त रुंद आणि एकमेकींना खेटून बसलेल्या. कॉलेर्पा सर्ट्युलॅरिऑइडिस हिच्या पाकळ्या चपट्या नसतात, सुईसारख्या गोल असतात, आणि सगळं पान पिसासारखं दिसतं. कागदावर हे फरक स्वच्छ वाटतात. समुद्रात तसं नसतं. कॉलेर्पाचं रूप प्रकाशाप्रमाणे, खोलीप्रमाणे, पाण्याच्या हालचालीप्रमाणे बदलतं. उथळ, लख्ख उजेडाच्या जागी पानं आखूड आणि दाट. खोलवर, मंद उजेडात तीच लांब आणि विरळ. एकाच दोरावर दोन तऱ्हेची पानं सापडू शकतात. त्यामुळे एक पान उचलून मापं घेणारा हमखास फसतो. जाणकार माणूस एकाच वसाहतीतली बरीच पानं घेतो, दोरासकट घेतो, खोली आणि तळ कसा आहे ते तिथल्या तिथे पाण्यात चालणाऱ्या पाटीवर लिहितो. एक नमुना हर्बेरियमसाठी दाबायचा, एक लहान तुकडा डीएनएसाठी सिलिका जेलमध्ये सुकवायचा.

नमुना दाबण्याची पद्धत दीडशे वर्षांत फारशी बदललेली नाही. पसरट थाळीत समुद्राचं पाणी, पाण्याखाली जाड कागद, कागदावर तरंगणारं शेवाळ. बारीक कुंचल्याने पाकळ्या एकेक करून मोकळ्या करायच्या, कागद एका कडेने हळूच उचलायचा, वर मलमलचा तुकडा, त्यावर टिपकागद, आणि मग वजनाखाली. कॉलेर्पात पाणी फार, त्यामुळे टिपकागद पहिल्या दिवशी अनेकदा बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. हा कागद पुढे साक्षीदार ठरतो. शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर तो उघडून पाहता येतो. नुसत्या फोटोला किंवा यादीतल्या नावाला असं उलट विचारता येत नाही.

मोनाकोत भांडण पेटलं ते याच ओळखीवरून. मेनेझ यांचं म्हणणं सरळ होतं. हे शेवाळ संग्रहालयाच्या मत्स्यालयात सजावटीला ठेवलेलं होतं आणि टाक्यांच्या पाण्याबरोबर ते समुद्रात गेलं. मत्स्यालयातल्या शेवाळाचा माग जर्मनीत श्टुटगार्टच्या विल्हेल्मा प्राणिसंग्रहालयापर्यंत जातो. तिथून ते फ्रान्समध्ये नान्सीच्या मत्स्यालयाकडे, आणि तिथून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मोनाकोला. टाक्या साफ दिसाव्यात, रंग छान यावा आणि फार निगा राखावी लागू नये म्हणून मत्स्यालयांना हे शेवाळ आवडायचं. ते थंडीत मरत नसे, हाही एक गुण होता. समुद्रात उतरल्यावर तोच गुण घातक ठरला.

संग्रहालयाचे तत्कालीन संचालक फ्रांस्वा दुमांज यांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या बाजूचा तर्क असा: पूर्व भूमध्य समुद्रात कॉलेर्पा मेक्सिकाना आधीच नोंदलेली आहे; सुएझ कालवा खुला झाल्यापासून तांबड्या समुद्रातले जीव तिकडून येतच असतात; परिस्थिती बदलली की मेक्सिकानाच टॅक्सिफोलियासारखी दिसू लागते; तेव्हा हे नवं शेवाळ म्हणजे जुन्याच पाहुण्याचं बदललेलं रूप. १९९५ मध्ये अशा आशयाचा शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. आज हा तर्क हास्यास्पद वाटतो, पण तो तेव्हा सरळ उडवून लावण्याजोगा नव्हता. कॉलेर्पाचं रूप खरंच बदलतं. काही जातींच्या बाबतीत, वेगवेगळ्या प्रकारांची म्हणून नावं दिलेली रूपं उजेड बदलताच एकमेकांत बदलतात, हे जपानी संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवून दिलं होतं. फक्त पाकळ्यांच्या आकारावर विसंबून या वादाचा निकाल लागणार नव्हता. आणि दरम्यान जबाबदारी कुणाची हे ठरत नव्हतं, त्यामुळे उपटून टाकायचं कामही कुणी मनावर घेत नव्हतं. एक हेक्टर असताना ते जमलं असतं असं मेनेझ पुढेही सांगत राहिले. मला त्यांचं म्हणणं पटतं.

निकाल १९९८ मध्ये लागला, तोही दोन ठिकाणांहून. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या गटाने मेक्सिकाना आणि भूमध्य समुद्रातली टॅक्सिफोलिया या दोन वेगळ्या जाती आहेत हे डीएनएवरून दाखवलं. जिनिव्हाच्या ऑलिव्हिए जुसाँ यांच्या गटाने भूमध्य समुद्रातले नमुने आणि युरोपातल्या मत्स्यालयांतले नमुने शेजारी ठेवले. रायबोसोमच्या जनुकांमधल्या एका तुकड्याचा क्रम दोन्हींकडे जवळजवळ सारखाच निघाला, आणि उष्ण कटिबंधातल्या इतर नमुन्यांपेक्षा वेगळा. म्हणजे समुद्रातलं शेवाळ हे मत्स्यालयातलंच.

आता नकाशाकडे वळू. मेनेझ यांनी सुरुवातीपासून एक गोष्ट ओळखली होती. हजारो किलोमीटरचा किनारा विद्यापीठातले चार पाणबुडे धुंडाळू शकत नाहीत. म्हणून १९९१ पासून त्यांनी पाणबुडी क्लब, मच्छीमार, नौकाधारक यांच्यात रंगीत पत्रकं वाटली. चित्र, ओळखायच्या खुणा, दिसलं तर कुठे कळवायचं. ही पत्रकं पुढे अनेक भाषांत निघाली. लोक कळवत, मग जाणकार पाणबुडे जाऊन खात्री करत. खात्री केल्याशिवाय नकाशावर ठिपका पडायचा नाही, हा नियम. कळवणाऱ्यांची चूक होणारच, कारण भूमध्य समुद्रात स्थानिक कॉलेर्पा प्रोलिफेरा आहेच आणि इतरही हिरवी शेवाळं आहेत.

ठिपके जसजसे पडत गेले तसतसं एक चित्र तयार झालं. शेवाळ किनाऱ्यालगत सलग सरकत नव्हतं, उड्या मारत होतं. १९९२ मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर काला दोरमध्ये, मग सिसिलीजवळ मेसिनाच्या सामुद्रधुनीत, मग थेट एड्रियाटिक समुद्रात क्रोएशियाच्या ह्वार बेटावर स्तारी ग्रादच्या उपसागरात. पुढे २००० मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, ट्युनिशियाच्या सूसजवळ. नवे ठिपके बंदरांत, नौका नांगर टाकतात अशा उपसागरांत आणि मासेमारीच्या जागी पडत होते. समुद्राचे प्रवाह ते वाहून नेत असते तर नकाशा वेगळा दिसला असता. प्रसार कसा होतो हे प्रयोगशाळेत कळायच्या आधी नकाशाने सांगून टाकलं होतं: नांगर आणि जाळी.

पण नकाशा कशाचा काढायचा? ऐकायला सोपा वाटणारा हा प्रश्न प्रत्यक्षात डोकं फिरवणारा आहे. वाळूवर एक मीटरचा एक पट्टा इथे, दुसरा तीस मीटरवर, तिसरा शंभर मीटरवर. मधली मोकळी जागा धरायची की नाही? झाडं मोजता येत नाहीत, कारण एका पेशीचं शरीर कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं हे सांगता येत नाही. म्हणून १९९९ मध्ये भूमध्य समुद्राच्या नकाशासाठी एक समान पद्धत सुचवली गेली. वसाहतीचे तीन स्तर ठरवले. पहिल्या स्तरात तुरळक, सुटे पट्टे. तिसऱ्यात एकमेकांत मिसळलेलं सलग आच्छादन. मधला स्तर या दोन्हींमधला. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘बाधित क्षेत्र’ आणि ‘प्रत्यक्ष झाकलेलं क्षेत्र’ असे दोन आकडे वेगळे केले. २००० च्या अखेरीस सहा देशांत, १०३ वेगवेगळ्या जागी, १९१ किलोमीटर किनाऱ्यालगत मिळून सुमारे १३१ चौरस किलोमीटर क्षेत्र बाधित होतं. हा आकडा जगभर छापला गेला. छापताना ‘बाधित’ हा शब्द बहुतेकांनी गाळला. मग वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर १३१ चौरस किलोमीटरचं सलग हिरवं कुरण उभं राहिलं. तसं ते नव्हतं.

यावरूनच दुसरं भांडण झालं. मोनाकोच्या बाजूचे शास्त्रज्ञ जाँ जोबेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानातून तळाचं वर्णपटीय सर्वेक्षण केलं. पाण्यातून परत येणाऱ्या प्रकाशाची अनेक रंगपट्ट्यांत मोजणी करून कॉलेर्पा, समुद्री गवत, वाळू, खडक वेगळे ओळखायचे, ही कल्पना. २००३ मध्ये त्यांनी जाहीर केलेलं क्षेत्र आधीच्या आकड्यांपेक्षा कितीतरी कमी होतं. मग एकाने दुसऱ्यावर अतिशयोक्तीचा आरोप केला, दुसऱ्याने पहिल्यावर डोळेझाक केल्याचा. मला वाटतं, दोघांच्या आकड्यांत भांडायला जेवढं होतं त्याहून जास्त ते मोजत असलेल्या गोष्टींत होतं. पाणबुडा सुटा पट्टा पाहतो आणि तो भाग बाधित म्हणून रंगवतो. विमानातला कॅमेरा प्रत्यक्ष आच्छादन पाहतो, पण खोल पाण्यात त्याला काहीच दिसत नाही. पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकतं, आणि खोलवर सगळंच निळसर-काळं होतं. कॉलेर्पा टॅक्सिफोलिया मात्र शंभर मीटर खोलीपर्यंत सापडली आहे. विमान उथळ पाण्यातला सलग गालिचा मोजायला उत्तम, खोलवरचा पहिला तुरळक पट्टा शोधायला निरुपयोगी. आणि आक्रमण थांबवायचं असेल तर नेमका तो पहिला पट्टाच शोधावा लागतो.

नुकसान किती झालं यावरही एकमत झालं नाही. भूमध्य समुद्रात पोसिडोनिया वंशातलं एक समुद्री गवत आहे, त्याची ही जाती फक्त याच समुद्रात सापडते. माशांची पिल्लं त्याच्या आडोशाला वाढतात. कॉलेर्पा या कुरणांचा घास घेते असं मेनेझ यांचं म्हणणं. मंतोंच्या उपसागरात आठ वर्षांनंतरही कुरणांना काही झालेलं नाही, असं जोबेर यांच्या गटाने दाखवलं. नंतरच्या निरीक्षणांवरून असं दिसतं की जिथे पोसिडोनिया दाट आणि निरोगी होतं तिथे कॉलेर्पाला शिरकाव अवघड गेला, आणि जिथे सांडपाण्याने किंवा नांगरांनी कुरण आधीच विरळ झालं होतं तिथे ती सहज पसरली.

ओळखीचा प्रश्न ‘टॅक्सिफोलिया’ या नावापाशी संपला असं वाटत असतानाच तो पुन्हा उघडला. ही जाती वेस्ट इंडीजमधून १८०२ मध्ये वर्णन केली गेली, आणि जगभरच्या उष्ण समुद्रांत ती साधीसुधी, बेताच्या आकाराची आहे. प्रवाळांच्या आसपास ती इतर शेवाळांत मिसळून राहते, कुणाला त्रास देत नाही. भूमध्य समुद्रातली पानं मात्र चाळीस-पन्नास सेंटिमीटरपर्यंत वाढलेली, थंडीत टिकणारी, दाट. एकच जाती, मग इतका फरक का? डीएनएचं काम पुढे गेलं तसं दिसलं की मत्स्यालयातला हा वाण ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या, ब्रिस्बेनजवळच्या मोरटन उपसागरातल्या शेवाळाच्या अगदी जवळचा आहे. त्याच्यासोबत राहणाऱ्या जिवाणूंच्या डीएनएनेही ऑस्ट्रेलियाकडे बोट दाखवलं. मोरटन उपसागराचं पाणी विषुववृत्ताजवळच्या पाण्याइतकं कोमट नसतं. तिथला हिवाळा सोसणारं शेवाळ मत्स्यालयात पोचलं, आणि तिथून भूमध्य समुद्रात. शिवाय भूमध्य समुद्रात फक्त नर युग्मकं सापडली, मादी नाहीत. लैंगिक प्रजनन होतच नव्हतं. मायोर्कापासून ह्वारपर्यंतचे ते सगळे ठिपके म्हणजे एकाच झाडाचे तुकडे.

यामुळे जगाच्या नकाशाचा अर्थच बदलतो. आपल्याकडे कॉलेर्पा टॅक्सिफोलिया मन्नारच्या आखातात, लक्षद्वीपला, गुजरातच्या किनाऱ्यावर नोंदलेली आहे. जातीचं नाव घेऊन कुणी आक्रमक शेवाळाचा जागतिक नकाशा काढला आणि त्यात हे ठिपकेही लाल रंगवले, तर तो नकाशा खोटा ठरेल. ती इथली मूळची आहे. उलट इथे मत्स्यालयातला वाण समुद्रात गेला, तर नुसत्या नावावरून तो ओळखूही येणार नाही. यादीत ते नाव आधीच असेल. जुन्या नोंदी आणि जुने हर्बेरियम कागद लागतात ते अशा वेळी. या बाबतीत आपण अगदीच कोरे नाही. डॅनिश शैवालतज्ज्ञ फ्रेडरिक ब्योर्गेसेन १९२७-२८ च्या हिवाळ्यात भारतात आले, मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यांवर त्यांनी शेवाळं गोळा केली आणि १९३५ मध्ये मुंबईच्या समुद्री शेवाळांची यादी प्रसिद्ध केली. मद्रासचे एम. ओ. पी. अय्यंगार यांनी १९३३ मध्येच कॉलेर्पाच्या युग्मकांवर टिपण लिहिलं होतं. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर, मालवणच्या आसपास, अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत कॉलेर्पाच्या काही जाती आजही हाताला लागतात. पण ‘कॉलेर्पा, मालवण’ एवढी नोंद पुरत नाही. वाण कोणता, हे सांगणारा सुकवलेला तुकडा सोबत हवा.

नाव आणि नकाशा दोन्ही वेळेवर जमले तर काय होतं, याचं उदाहरण कॅलिफोर्नियात आहे. १२ जून २००० रोजी सान दिएगो परगण्यातल्या कार्ल्सबॅड गावाजवळच्या आग्वा एडिओंडा खाजणात काही पाणबुडे नव्याने लावलेल्या समुद्री गवताची पाहणी करत होते. त्यांना एक अनोळखी हिरवं शेवाळ दिसलं. त्यांनी ते तसंच सोडलं नाही, तज्ज्ञांकडे पाठवलं. ओळख पटली, डीएनएने भूमध्य समुद्रातलाच वाण असल्याचं सांगितलं, आणि शोध लागल्यापासून १७ दिवसांत मारायचं काम सुरू झालं. मोनाकोत वाद घालण्यात वर्षं गेली होती. इथे भूमध्य समुद्राचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं, आणि मत्स्यालयवाल्या वाणाच्या आयातीवर अमेरिकेने १९९९ मध्येच बंदी घातली होती. थोड्याच दिवसांत ऑरेंज परगण्यातल्या हंटिंग्टन हार्बरमध्येही ते सापडलं.

पद्धत ओबडधोबड होती, पण चोख. पट्ट्यावर काळी ताडपत्री अंथरायची, कडा वाळूच्या पिशव्यांनी तळाशी घट्ट दाबायच्या, आणि ताडपत्रीखाली क्लोरीन सोडायचं. आतलं सगळंच मरतं, शेवाळासकट किडे, शिंपले, गवत. हे काम हलक्या हाताचं नव्हतं. त्याहून किचकट होतं ते शोधण्याचं काम. तळावर दोर ताणून पट्टे आखायचे, पाणबुड्यांनी दोराच्या दोन्ही बाजूंचा तळ नजरेखालून घालायचा, गढूळ पाण्यात हाताने चाचपायचा, आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच. सेंटिमीटरभराचा तुकडा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ताडपत्रीखालचा गाळ काढून, तो प्रयोगशाळेत ठेवून त्यात काही उगवतं का तेही पाहिलं गेलं. खर्च सत्तर लाख डॉलरच्या वर गेला. जुलै २००६ मध्ये दोन्ही ठिकाणं शेवाळमुक्त जाहीर झाली. कॉलेर्पाचा एवढा फैलाव समूळ उपटल्याचं हे पहिलंच उदाहरण.

ऑस्ट्रेलियात याच जातीशी वेगवेगळ्या तऱ्हेने झुंज झाली. न्यू साउथ वेल्समध्ये तळावर दर चौरस मीटरला पन्नास किलोच्या आसपास जाडं मीठ ओतलं गेलं. ॲडलेडच्या वेस्ट लेक्समध्ये पाणीच गोडं करून टाकलं. भूमध्य समुद्रात फ्रान्सच्या पोर-क्रो राष्ट्रीय उद्यानात पाणबुडे स्वयंसेवक दरवर्षी शोध घेऊन हाताने उपटत राहिले.

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. २००० च्या दशकाच्या मध्यापासून फ्रान्सच्या किनाऱ्यावर टॅक्सिफोलिया आपोआप ओसरू लागली. ज्या जागी तिचे गालिचे होते तिथे पाणबुड्यांना नुसता तळ दिसू लागला. एकाच झाडाचे तुकडे असलेल्या समूहात विविधता नसते, हे एक संभाव्य कारण मांडलं जातं. थंडीच्या लाटा हे दुसरं. ओसरणं मोजता आलं, याचं श्रेय मात्र त्या भांडणातल्या नकाशांना द्यावं लागेल. कुठे होतं हे कागदावर नसतं तर कुठे नाही हेही कळलं नसतं. दरम्यान तिची चुलत बहीण, नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातून आलेली कॉलेर्पा सिलिंड्रेसिया, १९९० मध्ये लिबियाजवळ पहिल्यांदा दिसली आणि टॅक्सिफोलियापेक्षा कितीतरी लांबवर पसरली. तिला वृत्तपत्रांनी टोपणनाव दिलं नाही, म्हणून तिची चर्चा कमी झाली.

कॅलिफोर्नियाने २००१ मध्येच आणखी एक पाऊल उचललं होतं. टॅक्सिफोलियाबरोबर कॉलेर्पाच्या आणखी आठ जातींवर बंदी. त्यातल्या काही धोकादायक वाटत होत्या म्हणून, आणि काही निव्वळ दिसायला सारख्या म्हणून. मत्स्यालयाच्या दुकानातली पिशवी तपासणाऱ्या निरीक्षकाने पाकळी रुंद की निमुळती हे भिंगातून पाहावं अशी अपेक्षा ठेवता येत नाही. काही वर्षांनी फ्लोरिडातल्या संशोधकांनी इंटरनेटवरून कॉलेर्पा मागवून पाहिली, तर घरपोच जाती मिळत होत्या, आणि विकणाऱ्यांना आपण काय विकतो हे नीट माहीतही नव्हतं. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यूपोर्ट बेमध्ये पुन्हा एक कॉलेर्पा सापडली, २०२३ मध्ये सान दिएगोच्या उपसागरातही. ती निघाली कॉलेर्पा प्रोलिफेरा: अखंड, पाकळ्या नसलेल्या गुळगुळीत पानाची, नेच्याशी कसलंही साम्य नसलेली, आणि भूमध्य समुद्रात मूळची. नऊ जातींच्या यादीत ती नव्हती. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाने यादीचा नाद सोडला आणि कॉलेर्पा या सगळ्या वंशावरच बंदी घातली.